किल्ली कुलपातच असू दे

मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६
सकाळी पावणेसहा

दादा,

हे पत्र लिहायला बसण्याआधी मी फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालत होतो. खालची बिजागरी तू असतानाही कुरकुरायची, ती अजून कुरकुरते. तेवढ्यात दिवाणजी आले. इतक्या सकाळी ते कधी येत नाहीत, म्हणून आधी वाटले मालकांच्या मोठ्या घरात कोणी गेले की काय. तसे काही नाही. सगळे बरे आहेत. आईही बरी आहे, गुडघा सोडून.

तुझा पत्ता मावशीने दिला. तो जुना असेल तर पत्र परत येईल, म्हणून मागे आपला पत्ता ठळक लिहिला आहे. या पत्राची नक्कल मी ठेवतो आहे. त्यामुळे तुला माहीत असलेलेही नीट लिहितो. कंटाळू नकोस.

दिवाणजींचे म्हणणे असे. बाईसाहेब गेल्यावर सगळे त्यांच्या पुतण्याच्या, म्हणजे धाकट्या मालकांच्या नावावर झाले. ते आता फाटकाचा पट्टा विकणार आहेत. रस्ता आणि दवाखान्याचे आवार यांच्यामधली ती चिंचोळी जागा. तिथे दुकानांची रांग उभी राहणार. दवाखान्याच्या कमिटीने कोर्टात हरकत घेतली आहे. लोक वीस वर्षांहून जास्त या फाटकातून दवाखान्यात जातात, तेव्हा वाट लोकांची झाली, ती आता बुजवता येणार नाही, असा दावा आहे. वाट बुजली तर आजाऱ्याला गिरणीला वळसा घालून न्यावे लागेल. धडधाकट माणसालाही त्याला अर्धा तास लागतो.

मालक म्हणतात, वाट आमच्या परवानगीची. आम्ही दर वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी फाटकाला कुलूप घालतो ते त्यासाठीच. वीस वर्षांत एकदा जरी खरोखर अडवले असेल तर लोकांचा हक्क लागत नाही, असा कायदा आहे. कुलूप कोण घालत होते? आधी बाबा, मध्ये एक वर्ष तू, त्यानंतर मी. म्हणून माझी साक्ष.

"तुला एवढंच सांगायचंय, की कुलूप लागत होतं," दिवाणजी म्हणाले. "खरं आहे ना ते?"

"लागत होतं."

"झालं तर मग. घाम कशाला पुसतोस?"

मग त्यांनी घराचे सांगितले. कुलूप लागत होते असे कोर्टात ठरले, तर फाटकाशेजारचे हे आपले राहते घर मालक आपल्या नावावर करून देणार, खालच्या जमिनीसकट. दावा कमिटीने जिंकला, तर पट्ट्यावरचे सगळे कमिटीकडे जाईल, आणि कमिटीला राखणदार परवडत नाही. मग आपण कुठे जायचे ते दिवाणजींनाही माहीत नव्हते.

किल्लीचे त्यांनी विचारले नाही. ते नोकरीला लागले त्याच्या आधीची ती गोष्ट. थोरल्या मालकांच्या वकिलाने वर्षातून एक दिवस कुलूप घालायला सांगितले, तेव्हा बाईसाहेबांनी विचारले होते, "आणि त्या दिवशी कुणाला ताप भरला तर?" मग बाईसाहेबांनीच बाबांना बोलावून सांगितले, "कुलूप लाव. पण किल्ली कुलपातच असू दे." तेव्हापासून त्या सोमवारी माणसे येतात, किल्ली फिरवतात, पलीकडे जातात आणि गजांतून हात घालून पुन्हा कुलूप लावतात. शाळेची पोरेसुद्धा लावतात. दिवसभर खटखट चालू असते.

तुझ्या वर्षाचे मी कोणाला काही बोललो नाही. त्याबद्दल काय सांगायचे ते कळव.


रविवार, २३ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. पत्र परतही आलेले नाही, म्हणजे कोणीतरी घेतले आहे.

मालकांचे वकील परवा घरी येऊन गेले. जाडजूड आहेत. आपल्या खाटेवर बसले तेव्हा आईने डोळे मिटून घेतले. खाट टिकली.

"कुलूप तू लावायचास?"

"हो."

"आणि किल्ली?"

"कुलपात."

"म्हणजे खिशात."

"कुलपात."

त्यांनी पेनाला टोपण घातले. "अरे, मग कुलूप लावलंस कशाला?"

"सांगितलं होतं म्हणून."

"आणि किल्ली ठेवलीस कशाला?"

"तेही सांगितलं होतं."

त्यांनी आईकडे पाणी मागितले. जाताना म्हणाले, "विचारल्याशिवाय किल्लीचं तोंडातून काढायचं नाही." मी म्हटले, "आणि विचारलं तर?" ते म्हणाले, "विचारणार कोण? त्यांचा वकील फुकट लढतोय. फुकटातला माणूस एवढा खोलात जात नाही."

कमिटीतर्फे कंपाउंडरकाका आले होते. ते मला दटावतील, निदान गळ घालतील, असे वाटले होते. ते म्हणाले, "तू तुझ्या घराचं बघ बाबा. आमचं आम्ही बघू." मग आईला गुडघ्याचे मलम देऊन गेले. ते रागावले असते तर मला बरे पडले असते. त्या रात्री झोप नीट लागली नाही.

तुला एक गंमत सांगतो. दावा लावण्याआधी कमिटीची माणसे मोठ्या घरी विचारायला गेली होती. "लावू का दावा?" मालक म्हणाले, "लावा की." त्यांना चहा मिळाला. दावा कसा लावावा यावर थोडी चर्चाही झाली म्हणतात.

इथे आता असे झाले आहे की कशाला हात लावावा तर ते मोठ्या घराने दिलेले निघते. दवाखान्याची जमीन त्यांची, शाळेचे बाक त्यांचे, कोपऱ्यावरचा नळ त्यांचा. सुईणीचे शिक्षण बाईसाहेबांच्या पैशाने झाले. दाव्याचा कागद ज्या मास्तरांनी लिहिला, ते मोठ्या घराच्या वजिफ्यावर शिकले. त्यांनी कागदावर मालकांच्या नावाआधी 'श्रीयुत' लिहिले, ते वकिलाने खोडले, मास्तरांनी पुन्हा लिहिले.

न्हाव्याकडे गेलो होतो. अर्धी दाढी झाल्यावर त्याने विचारले, "काय मग? घर का वाट?"

"वस्तरा गळ्याशी असताना असं विचारू नये."

"म्हणून तर आत्ता विचारतोय."

मी म्हटले, जे विचारतील त्याचे उत्तर देईन. तो म्हणाला, "हे तर काय, पोपटही देतो." आणि उरलेली दाढी केली. पैसे नेहमीइतकेच घेतले.

तू लिहावेस अशी इच्छा आहे. दोन ओळी चालतील.


रविवार, ९ मार्च

दादा,

तुझे कार्ड मिळाले. 'त्या वर्षी किल्ली माझ्या खिशात होती. माझं नाव घेऊन सांग आणि घर वाचव. मला तिकडे तोंड दाखवायचं नाहीच, तेव्हा माझी काळजी नको.' तू एवढेच लिहिले आहेस. अक्षर मी ओळखले. आईनेही ओळखले. तिने कार्ड उजेडात धरले आणि विचारले, "याचा हात कापलाय का रे? 'क' असा वाकडा कधी काढत नव्हता." मी म्हटले, गाडीत लिहिले असेल. बोटाला काही झाले असेल तर कळव.

तुझ्या वर्षाचे मला जे आठवते ते लिहितो. चुकले असेल तर दुरुस्त कर. बाबा तापाने दवाखान्यात होते, म्हणून त्या सोमवारी कुलूप तू लावलेस आणि पायरीवर बसलास. मी तुझ्यामागे उभा होतो. लोक आले, किल्ली दिसली नाही, तुझ्याकडे बघितले. एकानेही विचारले नाही. सगळे मुकाट्याने फिरले आणि गिरणीकडून गेले. पावभट्टीवाल्याने बायकोला हातगाडीवर घालून आणले होते, तेही फिरले. गिरणीच्या भिंतीशीच तिचे बाळंतपण झाले. मुलगा ठणठणीत निघाला. त्याला सगळे वळसा म्हणतात. आता तो भट्टीवर पिठाच्या पोत्यांवरून उड्या मारतो आणि बापाच्या शिव्या खातो.

संध्याकाळी बाबा अंगावर घोंगडी घेऊन दवाखान्यातून चालत आले. त्यांनी कंपाउंडरकाकांसमोर तुला मारले. तू म्हणालास, "सगळा गाव त्यांना दुवा देतो. कुलूप लावणारा हात कुणाचा, हे कुणी एकदा तरी विचारलंय?" बाबांनी तुझ्या खिशातून किल्ली काढली आणि कुलपात घातली. दिवस संपला होता तरी घातली. दुसऱ्या दिवशी तू नव्हतास.

बाबा गेले तेव्हा आम्ही तार केली होती. ती मिळाली का, हे मी विचारत नाही.

आता मुद्द्याचे. तुझे वर्ष सांगितले की सगळे संपते. फाटक खरोखर अडवलेले तेवढे एकच वर्ष. मालक जिंकतात, घर आपले होते. वकिलांना याचा पत्ता नाही. गावात सगळ्यांना माहीत आहे, पण मोठ्या घरी जाऊन कोणी सांगितलेले नाही. मला फक्त तोंड उघडायचे आहे, आणि तू तर परवानगीही दिली आहेस.

मी आईला विचारले. ती म्हणाली, "घरासाठी कुणाचं नाव काळं करायचं ते तू ठरव. मला काय, चूल मांडायला चार विटा पुरतात." नंतर बराच वेळ तिने भिंतीला पोतेरे केले. त्या भिंतीला त्याची गरज नव्हती.

मी असे ठरवले आहे. मला माझ्या वर्षांचे विचारतील तेवढेच सांगायचे. किल्ली कुठे होती असे विचारले, तर कुलपात. तुझ्या वर्षाचे विचारलेच तर मी लहान होतो म्हणणार आहे. ते खोटे नाही.

घर गेले तर मावशीकडे मागची खोली आहे. तिला तू लिहिलेस तर ती नाही म्हणणार नाही. माझे ती ऐकेल असे वाटत नाही.


शनिवार, २२ मार्च

दादा,

परवा साक्ष झाली. झाले तसे लिहितो.

पहिला मी. कुलूप लावत होतास का? हो. दर वर्षी? हो. मालकांचे वकील खाली बसले, आणि कमिटीचा तो फुकटचा वकील उठला. पोरसवदा आहे, कोट मागून आणलेला वाटतो. त्याने पहिलाच प्रश्न केला, "किल्ली कुठे असायची?"

"कुलपात."

न्यायाधीशांनी मान वर केली. "कुलपात म्हणजे? कोणीही उघडू शकत होतं?"

"हो साहेब. पण परत लावत होते."

मागे कोणीतरी हसले. तुझ्या वर्षाचे मला कोणी विचारले नाही. मी खाली उतरलो तेव्हा मालकांच्या वकिलांनी माझ्याकडे असे बघितले, की मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतले. आधी भांडी, मग बाबांची पेटी.

नंतर कमिटीचे साक्षीदार. मास्तरांना त्यांच्या वकिलाने विचारले, "त्या वाटेनं जाताना तुम्ही कधी परवानगी मागितलीत?" त्याला 'नाही' हवे होते.

मास्तर म्हणाले, "रोज रोज काय मागायची? एकदा दिली होती की त्यांनी."

"बरं, कुलूप असलं तरी वाट तुम्हाला उघडीच होती ना? कुलूप नुसतं नावाला?"

"नावाला कसं? आम्ही लावून घेत होतो."

"कधीतरी घाईत तसंच उघडं टाकून गेला असाल."

मास्तरांना राग आला. "उघडं? दुसऱ्याचं फाटक?"

वकिलाने त्यांना बसवले आणि सुईणीला बोलावले. ती त्याच्याही पुढे. "मी लावल्याशिवाय पाऊल टाकलं नाही कधी. तिकडे बाळ अर्धं बाहेर आलेलं असू दे." सगळे कोर्ट हसले. तिला वाटले आपण जिंकलो. तिने माझ्याकडे बघून मान हलवली.

शेवटी भट्टीवाली. तिच्याबरोबर वळसा आला होता. तो खिडकीत चढला, म्हणून शिपायाने त्याला नाव विचारले आणि त्याने ते मोठ्याने सांगितले. मालकांच्या वकिलांचे कान टवकारले. उलटतपासणीत त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "हे हो काय नाव ठेवलंत पोराचं?"

"ठेवलं नाही, पडलं. गिरणीला वळसा घालताना झाला तो."

"वळसा का घातलात? फाटक होतं की."

दादा, तिला थांबता आले असते. अख्ख्या कोर्टात तिला थांबावेसे वाटणारी माणसे जास्त होती. मी बाकाची कड धरून बसलो होतो.

ती म्हणाली, "त्या वर्षी बंद होतं. किल्ली नव्हती."

"मग तुम्ही तक्रार केली असेल."

"तक्रार कसली? फाटक त्यांचं. इतकी वर्षं जाऊ दिलं, एक दिवस नसेल द्यायचं."

वकिलांनी कपाळ पुसले. मग ते म्हणाले, "आणि किल्ली कुणी काढून घेतली होती?"

तिने माझ्याकडे बघितले. आईकडेही बघितले. आई गुडघा धरून मागच्या बाकावर होती.

"ते काही नाही बाई आठवत. मला कळा येत होत्या."

न्यायाधीशांनी लिहून घेतले. तुझे नाव कुठेही आलेले नाही.

बाहेर कमिटीचा वकील कोट काढून झाडाखाली बसला होता. तो म्हणाला, "असले साक्षीदार असले की विरुद्ध बाजूला वकिलाची गरज पडत नाही." मास्तर त्याला समजावत होते की खोटे कसे बोलणार, मोठे घर चांगले आहे. भट्टीवाली पोराला शोधत होती. मला तिच्याशी बोलायचे होते, पण काय बोलायचे ते ठरेपर्यंत ती गेली.

निकाल पुढच्या महिन्यात आहे. तो काय लागणार हे शिपायालाही माहीत आहे.


रविवार, ४ मे

दादा,

निकाल लागला. वाट परवानगीची होती, लोकांचा हक्क नाही. एप्रिलच्या मध्यावर मालकांनी मला बोलावले. मी पेटी बांधूनच गेलो, म्हणजे पेटी घरी, पण बांधलेली.

ते मोठ्या घराच्या ओसरीवर काहीतरी वाचत होते. बस म्हणाले. मी बसलो नाही.

"तू किल्लीचं सांगितलंस."

"विचारलं म्हणून."

"हं. मी शब्द काय दिला होता?"

"कुलूप लागत होतं असं ठरलं, तर घर."

"ठरलं ना?"

"ठरलं."

"कुणाच्या तोंडून ठरायला हवं, ते मी बोललो नव्हतो." त्यांनी दिवाणजींना कागद आणायला सांगितले. मग पुन्हा वाचायला लागले. मी आभार मानले ते त्यांना ऐकू गेले की नाही सांगता येत नाही. त्या घरातली माणसे देताना नेहमी दुसरीकडेच बघतात.

घर आपल्या दोघांच्या नावावर केले आहे. तुझे नाव आधी, वयाप्रमाणे. सही लागली नाही.

२४ एप्रिलच्या गुरुवारी फाटक काढले. दुकानांचा पाया खणायला सुरुवात झाली, आणि आपल्या घरापासून पार टोकापर्यंत पत्रे ठोकले. शुक्रवारी पहाटे दारावर थाप पडली. सुईण होती. "आत येऊ का?" म्हणाली, वहाणा हातात घेतल्या आणि स्वयंपाकघरातून मागच्या दाराने दवाखान्याच्या आवारात उतरली. आपले मागचे दार तिकडेच उघडते, हे मला रोज दिसत होते, पण सुचले तिला. जाताना दार लोटून घेतले. तासाभरात कंपाउंडरकाका आले. मग एक म्हातारा आणि त्याची सून. मी कोणाला या म्हटले नाही, नको असेही म्हटले नाही. परवाच्या दिवशी मी माणसे मोजायचे सोडले.

आई पहिल्या दिवशी पदर सावरून कोपऱ्यात उभी राहिली. आता ती चुलीपुढून हुकूम सोडते. "डावीकडनं जा, तवा तापलाय." "अहो, खोकायचं असेल तर बाहेर खोका." तिला गावातल्या सगळ्यांचे आजार पाठ झाले आहेत आणि गुडघ्याचे ती बोलत नाही.

दिवाणजी येऊन बघून गेले. पट्टा विकला, पण घर त्यात नव्हते, त्यामुळे मालकांचे काही म्हणणे नाही. उलट दिवाणजींनी मला सल्ला दिला. "वर्षातून एक दिवस दार लाव बाबा. नाहीतर वीस वर्षांनी तुझं स्वयंपाकघर लोकांचं होईल." आई म्हणाली, "वीस वर्षांनी मी असले तर बघू." मी यावर अजून काही ठरवलेले नाही. घर अर्धे तुझेही आहे.

स्ट्रेचर मागच्या दारातून जात नव्हते. मंगळवारी एका माणसाला खुर्चीत बसवून न्यावे लागले. त्याच दिवशी तुझी मनिऑर्डर आली. निरोपाच्या जागी काही लिहिलेले नव्हते, म्हणून पैसे कशासाठी ते मीच ठरवले. खाली हिशोब देतो. तुला पटला नाही तर कळव.

खर्च:
घराची नोंदणी आणि मुद्रांक: ३१०
गवंडी, मागची भिंत दाराच्या बाजूने फोडणे: ९०
सुतार, नवी रुंद चौकट आणि दोन फळ्यांचे दार: १८५
पायपुसणी, दोन: १४
एकूण: ५९९

पैसे आले ते:
तुझी मनिऑर्डर: ४००
दिवाणजींकडून उसने: १५०
माझ्याजवळचे: ४९

देणे:
दिवाणजींचे: १५०, दिवाळीपर्यंत नाही, त्याआधी फेडणार
तुझे: ४००
भट्टीवालीचे: रक्कम लिहिलेली नाही. मी विचारायला गेलो तर तिने हातावर गरम पाव ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे वळली. ते तू येशील तेव्हा तूच विचार.